'सावकारी पाश' : न उरलेल्या चित्रपटाचा इतिहास

मूकपट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे हरिश्चंद्र येतो, कृष्ण येतो, सावित्री येते. मूकपट म्हणजे पौराणिक, असं समीकरणच होऊन बसलंय. आज एका चित्रपटाच्या निमित्तानं ते तपासून पाहू.

चित्रपट आहे 'सावकारी पाश', साल १९२५. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांनी केलेला, नारायण हरी आपट्यांच्या कथेवरचा. शेतकरी कर्ज काढतो, सावकाराच्या कागदात त्याची जमीन जाते आणि तो शहरात गिरणीकामगार होतो. हा तरुण शेतकरी कोण? तर पुढचे व्ही. शांताराम!

आता हे वर्ष लक्षात घ्या. १८७५ साली सुप्याला आणि पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली होती. १८७९ साली सरकारनं त्यावर कायदाही केला. तरी पन्नास वर्षांनी पेंटरांना तीच गोष्ट वर्तमानकाळाची म्हणून सांगता येत होती. प्रेक्षकांतल्या कित्येकांच्या घरात असा एखादा कागद असणारच. अंधुक उजेडातली झोपडी आणि विव्हळणारं कुत्रं हे त्यातलं दृश्य जे. बी. एच. वाडियांच्या पुढेही लक्षात राहिलं. मूकपट तो; विव्हळणं ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं.

आपण हा चित्रपट पाहू शकत नाही. त्याची प्रत उरली नाही. तेव्हाची नायट्रेट फिल्म भसकन पेट घ्यायची. खेळ संपले की तिच्यातली चांदी काढून घेण्यासाठीही ती विकली जाई. भारतात सुमारे १३०० मूकपट झाले. त्यांतले अगदी मोजके उरले, तेही बरेचसे तुकड्यांत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं १९६४ साली, म्हणजे मूकपट संपून तीस वर्षं झाल्यावर.

मुद्दा इथे आहे. पेंटरांच्याच १९२७ च्या 'मुरलीवाला'चे भाग उरले, 'सावकारी पाश' गेला. उरलेलं बघून आपण ठरवतो, की तो काळ भाविक होता. शेतकऱ्याचं कर्ज पडद्यावर आलं म्हणून आपण १९५३ च्या 'दो बीघा जमीन'चं कौतुक करतो. ते रास्तच आहे. पण कोल्हापुरात अठ्ठावीस वर्षं आधी जमीन गमावून शहरात आलेला शेतकरी पडद्यावर उभा होता. १९३६ साली पेंटरांनी याच कथेचा बोलपटही केला. म्हणजे हा विषय त्यांच्या मनातून गेला नव्हता.

तेव्हा 'अल्पपरिचित' हा शब्द जपून वापरू या. काही चित्रपट लोकांना आवडले नाहीत म्हणून विसरले गेले. काही मात्र केवळ जपले गेले नाहीत म्हणून. इतिहास लिहिताना हा फरक आपण सोडला, तर पेटीत जे शिल्लक राहिलं तेवढंच घडलं असं आपण सांगत बसू.