विधिमंडळातील भाषणस्वातंत्र्य आणि सभाशिस्त

संसद किंवा राज्य विधिमंडळाच्या सदस्याला सभागृहात निर्भयपणे बोलता यावे म्हणून संविधानाने दिलेले संरक्षण, आणि त्या बोलण्यातून कामकाज पुढे सरकावे म्हणून सभागृहाने स्वतःला घालून घेतलेले नियम, असे या विषयाचे दोन भाग आहेत. संसदेपुरती ही तरतूद संविधानाच्या अनुच्छेद १०५ मध्ये, तर राज्यांपुरती अनुच्छेद १९४ मध्ये आहे. सभागृहात उच्चारलेल्या शब्दाबद्दल किंवा दिलेल्या मताबद्दल सदस्यावर कोणत्याही न्यायालयात कारवाई होऊ शकत नाही. नागरिकाच्या भाषणस्वातंत्र्यावर अनुच्छेद १९(२) नुसार अब्रुनुकसानी, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादी कारणांनी बंधने येतात. ती सदस्याच्या सभागृहातील भाषणाला लागू नाहीत. त्याला बांधतात ती संविधानातील अन्य कलमे आणि सभागृहाचे कामकाज-नियम. म्हणजे न्यायालयाच्या हातून काढून घेतलेला अंकुश अध्यक्ष आणि सभागृह यांच्या हाती आला आहे. सभागृहाचा निर्णय बहुमताने होतो, आणि या विषयातले बहुतेक तंटे याच ठिकाणी उगवतात.

या संरक्षणाचा उगम इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्या झगड्यात आहे. २ मार्च १६२९ रोजी सभागृह तहकूब करायला निघालेल्या अध्यक्ष जॉन फिंच यांना सदस्यांनी खुर्चीत दाबून धरले आणि राजाच्या धोरणाविरुद्ध ठराव संमत केले. त्यांचे पुढारी सर जॉन इलियट यांना राजाने टॉवरमध्ये डांबले. १६३२ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. १६८९ च्या हक्कांच्या सनदेने पार्लमेंटमधील भाषणाची चौकशी पार्लमेंटबाहेर कुठेही होणार नाही, हे तत्त्व कायम केले. हिंदुस्थानात १९१९ च्या कायद्याने मध्यवर्ती कायदेमंडळातील भाषणस्वातंत्र्याला मान्यता दिली. त्याआधी सरकारनियुक्त बहुमतापुढे निवडून आलेले मूठभर सभासद उभे असत. १९०१ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीला विरोध करताना फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी सहकाऱ्यांसह सभात्याग केला. गोखल्यांसारख्या मवाळ, आकडेवारीवर बोट ठेवून बोलणाऱ्या माणसालाही ते पाऊल उचलावे लागले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. सभात्याग हा तेव्हापासून शिस्तीत बसणारा निषेध मानला गेला आहे.

न्यायालयांनी या संरक्षणाचा अर्थ व्यापक लावला. १९६९ मध्ये पुरीच्या शंकराचार्यांनी अस्पृश्यतेबाबत केलेल्या विधानांवर लोकसभेत तिखट चर्चा झाली. त्यांच्या अनुयायांनी सदस्यांविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा लावला. तेज किरण जैन विरुद्ध संजीव रेड्डी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये तो फेटाळला. संसदेच्या कामकाजात बोललेले काहीही या संरक्षणाखाली येते, आणि ते उचित होते की अनुचित हे पाहणे न्यायालयाचे काम नव्हे, असा त्याचा आशय आहे.

मात्र संरक्षण शब्दाला आहे, प्रत्येक कृत्याला नाही. १९९८ च्या नरसिंह राव खटल्यात लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्या खासदारांनाही तीन विरुद्ध दोन मतांनी अभय मिळाले होते. सीता सोरेन खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ४ मार्च २०२४ रोजी तो निकाल एकमताने रद्द ठरवला. केरळ विधानसभेत मार्च २०१५ मध्ये अर्थसंकल्प मांडला जात असताना काही आमदारांनी अध्यक्षांच्या आसनाजवळची उपकरणे फोडली. त्यांच्यावरील खटले मागे घेण्याची राज्य सरकारची विनंती सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नाकारली. मोडतोड हा भाषणाचा प्रकार नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले.

सभागृहातले बोलणे बाहेर पोचले नाही तर त्याला अर्थ उरत नाही. फिरोज गांधी यांच्या खासगी विधेयकातून १९५६ मध्ये कायदा झाला आणि संसदेच्या कामकाजाचा खरा वृत्तान्त छापणाऱ्या वृत्तपत्रांना संरक्षण मिळाले. आणीबाणीत १९७६ साली तो रद्द झाला, १९७७ मध्ये पुन्हा आला, आणि ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६१-अ घालून त्या संरक्षणाला संविधानात जागा दिली.

सभागृहातील बंधने दोन थरांची आहेत. पहिला थर संविधानाचा : सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या कर्तव्यपालनातील वर्तनावर राज्य विधिमंडळात चर्चा करता येत नाही (अनुच्छेद २११), संसदेत ती त्याला पदावरून दूर करण्याच्या प्रस्तावावरच होऊ शकते (अनुच्छेद १२१). दुसरा थर नियमांचा. लोकसभेच्या नियम ३५२ नुसार न्यायप्रविष्ट बाबीवर बोलणे, दुसऱ्या सदस्यावर वैयक्तिक आरोप करणे, उच्चपदस्थांच्या वर्तनावर स्वतंत्र प्रस्तावाशिवाय टीका करणे, वादात राष्ट्रपतींच्या नावाचा वापर करणे आणि केवळ अडथळा आणण्यासाठी बोलत राहणे निषिद्ध आहे. कोणाविरुद्ध बदनामीकारक आरोप करायचा तर नियम ३५३ प्रमाणे अध्यक्षांना आणि संबंधित मंत्र्याला आधी सूचना द्यावी लागते.

सदस्याने थेट प्रतिपक्षाला उद्देशून न बोलता ‘अध्यक्ष महोदय’ असे संबोधून बोलावे, हा संकेत वरवर औपचारिक वाटतो; प्रत्यक्षात साऱ्या सभाशिस्तीचा कणा तोच आहे. समोरच्या बाकावरच्या माणसाशी थेट ‘तुम्ही’ने सुरू झालेला वाद दोनतीन वाक्यांत व्यक्तीवर घसरतो. अध्यक्षांमार्फत बोलताना ‘माननीय मंत्र्यांनी सभागृहाची दिशाभूल केली’ हा अत्यंत गंभीर आरोपही शांतपणे करता येतो आणि त्याला उत्तर मागता येते. मृदू बोलायला लावण्यासाठी हा नियम नाही. कठोर बोलणे शक्य व्हावे, आणि ऐकणाऱ्याला ते ऐकून घ्यावेच लागावे, यासाठी तो आहे. बॅ. नाथ पै आणि मधु लिमये या विरोधी बाकांवरच्या खासदारांनी सरकारला जेरीस आणले ते नियमावलीचा बारकाईने उपयोग करून. औचित्याचा मुद्दा, स्थगन प्रस्ताव, हक्कभंगाची सूचना ही त्यांची साधने होती.

कठोर शब्द आणि असंसदीय शब्द यांतली रेषा अध्यक्ष आखतात. लोकसभेच्या नियम ३८० नुसार बदनामीकारक, अशिष्ट, असंसदीय किंवा प्रतिष्ठेला न शोभणारे शब्द अध्यक्ष कामकाजातून काढून टाकू शकतात. कार्यवृत्तात त्या जागी तारांकने आणि तळटीप येते. काढलेला मजकूर छापणे हा विशेषाधिकाराचा भंग ठरू शकतो, हे बिहारच्या ‘सर्चलाइट’ वृत्तपत्राच्या प्रकरणात १९५८ च्या निकालाने दाखवून दिले. आता कामकाजाचे थेट प्रक्षेपण होते, आणि अध्यक्षांचा आदेश येण्यापूर्वी वाक्य लाखो फोनवर पोचलेले असते. अधिकृत नोंद तेवढी बदलते. ज्याच्याविषयी अपशब्द निघाला त्याचे नुकसान भरून निघत नाही.

असंसदीय शब्दांचे संकलन लोकसभा सचिवालय प्रसिद्ध करते. तो बंदी घातलेल्या शब्दांचा कोश नाही. भारतातील आणि राष्ट्रकुलातील सभागृहांनी वेळोवेळी दिलेल्या निर्णयांची ती जंत्री आहे. जुलै २०२२ च्या संकलनात ‘जुमलाजीवी’, ‘बालबुद्धी’ यांसारखे शब्द दिसल्यावर गदारोळ झाला, तेव्हा कोणत्याही शब्दावर बंदी नाही, संदर्भ पाहून निर्णय होतो, असा खुलासा अध्यक्ष ओम बिर्ला यांना करावा लागला. संदर्भ न पाहता यादीकडे बघितले की काय होते, याचा अनुभव नाशिकचे तत्कालीन खासदार हेमंत गोडसे यांनी घेतला. त्यांचे आडनावच असंसदीय ठरलेले होते. त्यांनी लेखी तक्रार केल्यावर २०१५ मध्ये अध्यक्ष सुमित्रा महाजन यांनी ते आडनाव यादीतून मोकळे केले.

शिस्तभंगाच्या उपायांत समज देणे, त्या दिवसापुरते बाहेर जायला सांगणे, नाव घेऊन निलंबनाचा प्रस्ताव आणणे, आणि टोकाला निष्कासन अशी चढण आहे. डिसेंबर २००१ मध्ये आलेल्या नियम ३७४-अ ने लोकसभेत अध्यक्षांच्या आसनासमोर धावून येणाऱ्या सदस्याचे, अध्यक्षांनी नाव घेताच, आपोआप निलंबन होते. त्याची मर्यादा सलग पाच बैठका किंवा उरलेले अधिवेशन, जे कमी असेल ते. १५ मार्च १९८९ रोजी इंदिरा गांधी यांच्या हत्येसंबंधीच्या ठक्कर आयोगाच्या अहवालावरून झालेल्या गोंधळात लोकसभेचे ६३ सदस्य एकाच दिवशी निलंबित झाले. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेतील सुरक्षाभंगावर गृहमंत्र्यांनी निवेदन करावे या मागणीवरून दोन्ही सभागृहांतील मिळून १४६ सदस्य निलंबित झाले आणि विरोधी बाके बहुतांशी रिकामी असताना नव्या फौजदारी संहितांसारखी दूरगामी विधेयके संमत झाली. घोषणा आणि फलक यांनी कामकाज अडले हे खरे. पण सरकारकडून निवेदन मागणे हे संसदेचे मूळ काम आहे, आणि त्या मागणीचा शेवट बाके रिकामी होण्यात झाला, ही त्या अधिवेशनाची गंभीर उणीव मानली पाहिजे.

महाराष्ट्र विधानसभेचा इतिहास याबाबत विशेष बोलका आहे. १९६४ मध्ये यवतमाळचे जांबुवंतराव धोटे यांनी अध्यक्ष बाळासाहेब भारदे यांच्या दिशेने पेपरवेट भिरकावल्यावर सभागृहाने त्यांचे सदस्यत्व रद्द केले. पोटनिवडणुकीत ते पुन्हा निवडून आले. राजदंड उचलून पळवणे हा प्रकारही या सभागृहाने पाहिला आहे. मार्च २०१७ मध्ये अर्थसंकल्पाच्या वेळी फलक झळकवल्याबद्दल काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेसच्या १९ आमदारांना ३१ डिसेंबरपर्यंत निलंबित केले गेले. पुढे तो निर्णय मागे घेण्यात आला.

कायद्याला वळण देणारे प्रकरण मात्र ५ जुलै २०२१ चे. इतर मागासवर्गीयांच्या राजकीय आरक्षणासंबंधीच्या ठरावावरून गदारोळ झाला. तालिका अध्यक्ष भास्कर जाधव यांच्याशी गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून आशिष शेलार, गिरीश महाजन यांच्यासह भाजपच्या १२ आमदारांना वर्षभरासाठी निलंबित करण्याचा ठराव आवाजी मतदानाने संमत झाला. विधानसभेच्या नियम ५३ ची रचना पायरीपायरीची आहे : प्रथम त्या दिवसापुरते बाहेर, त्याच अधिवेशनात दुसऱ्यांदा तसे घडल्यास फार तर उरलेल्या अधिवेशनापुरते. अधिवेशन तर दोनच दिवसांचे होते. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अधिवेशनापलीकडचे निलंबन घटनाबाह्य व अतार्किक ठरवले. निलंबनाचा हेतू चालू कामकाज सुरळीत व्हावे एवढाच असतो. त्यापुढचे दिवस ही निव्वळ शिक्षा होते. निष्कासन झाले तर पोटनिवडणूक होऊन मतदारसंघाला नवा प्रतिनिधी मिळतो. वर्षभराच्या निलंबनात जागा भरलेली राहते आणि मतदारसंघ मात्र मुका होतो, म्हणून हे निष्कासनाहूनही वाईट, असे न्यायालयाने म्हटले. काठावरचे बहुमत असलेले सरकार अशा निलंबनाने विरोधकांची संख्या हवी तशी घटवू शकेल, हा धोकाही त्याने नोंदवला. २०१७ मध्ये भाजप-शिवसेना सत्तेत होती, २०२१ मध्ये महाविकास आघाडी. हत्यार तेच राहिले, ते धरणारे हात बदलले.

कारवाईचे माप सर्वांना सारखे लागत नाही, ही या व्यवस्थेची मोठी दुर्बलता आहे. २१ सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत चांद्रयान-३ वरील चर्चेत भाजपचे रमेश बिधुरी यांनी विरोधी सदस्य दानिश अली यांना उद्देशून धर्मवाचक शिवीगाळ केली. शब्द कामकाजातून काढले गेले, अध्यक्षांनी ताकीद दिली, प्रकरण विशेषाधिकार समितीकडे गेले. निलंबन झाले नाही. उलट मार्च २०१६ मध्ये महाराष्ट्र विधानसभेत एक विशिष्ट घोषणा देण्यास नकार दिल्याबद्दल आमदार वारिस पठाण यांना अधिवेशन संपेपर्यंत निलंबित केले गेले, आणि या ठरावात सत्ताधारी व विरोधक एकत्र होते. भाषणस्वातंत्र्यात न बोलण्याचे स्वातंत्र्य येते. ते एकमताने नाकारले म्हणून नकार योग्य ठरत नाही. मार्च २०२५ मध्ये त्याच सभागृहातून आमदार अबू आझमी यांचे निलंबन झाले ते औरंगजेबाविषयी सभागृहाबाहेर पत्रकारांसमोर केलेल्या विधानांवरून. सभागृहाबाहेरच्या शब्दाला अनुच्छेद १९४ चे कवच नसते. त्यासाठी सामान्य कायदा असतो, आणि आझमींवर त्याखाली गुन्हाही नोंदला गेला होता. कामकाजात अडथळा आलेला नसताना सदस्याला बाहेर ठेवणे निलंबनाच्या मूळ हेतूत बसत नाही.

अध्यक्षांच्या निःपक्षपातीपणावर सारे अवलंबून असल्याने त्यांनाही उत्तरदायी धरण्याची सोय संविधानात आहे : चौदा दिवसांची सूचना देऊन त्यांना दूर करण्याचा ठराव आणता येतो आणि त्या चर्चेच्या वेळी ते आसनावर बसू शकत नाहीत. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्याविरुद्ध असा ठराव १८ डिसेंबर १९५४ रोजी चर्चेला आला. पंतप्रधान नेहरूंनी त्याला कडाडून विरोध केला, पण हा पक्षाचा प्रश्न नाही असे सांगून आपल्या सदस्यांना मतदानाची मोकळीक दिली. ठराव फेटाळला गेला.

एका घटकाचा विचार या वादात फार कमी होतो : सभागृहात ज्याचे नाव घेतले जाते असा बाहेरचा नागरिक. त्याच्यावर खोटा आरोप झाला तरी तो न्यायालयात जाऊ शकत नाही आणि सभागृहात उभा राहून उत्तर देऊ शकत नाही. त्याच्यासाठी सभाशिस्त हेच एकमेव संरक्षण आहे. ऑस्ट्रेलियाच्या सिनेटने १९८८ पासून अशा व्यक्तीला लेखी उत्तर पाठवण्याची मुभा दिली. समितीने तपासल्यावर ते सभागृहाच्या नोंदीत समाविष्ट होते. सदस्याच्या स्वातंत्र्याला धक्का लागत नाही, आणि नागरिकाचे म्हणणे आरोपाइतक्याच अधिकृत कागदावर येते. मुंबई-नागपूरच्या सभागृहांत अधिकारी, शिक्षक, ठेकेदार यांची नावे लक्षवेधी सूचनांवरील चर्चेत घेतली जातात. तिथे ही पद्धत पूर्णपणे अमलात आणण्यासारखी आहे.