एका घरातल्या दोन चुली

गेल्या श्रावणात मी वर्गाला बालकवींची कविता शिकवीत होते. कविता झाली की कवीची थोडी माहिती सांगायची, हा माझा नेहमीचा रिवाज. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म १८९०, गाव खानदेशातले धरणगाव. पुढे काही काळ नगरला रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी वास्तव्य. एवढे सांगून मी फळ्याकडे वळते तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मग बालकवी ख्रिस्ती होते?"

"नाही."

"मग त्यांनी यांना घरात कसे ठेवून घेतले?"

तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली आणि खरे सांगायचे तर मला हायसे वाटले. पण प्रश्न काही पाठ सोडीना. मी मॅट्रिक झालेली बाई. कादंबऱ्या लिहिते, इतिहाससंशोधन हा माझा प्रांत नव्हे. मात्र लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मी किती वेळा वाचली असतील याची मोजदाद नाही. उत्तर शोधायला मी पुन्हा त्याच घराचा दरवाजा ठोठावला.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेर गोखल्यांचे. सत्तावन्नच्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला की बाहेरून आलेले धान्यसुद्धा धुऊन वाळवल्याखेरीज घरात यायचे नाही. भीतीने माणूस कसा दार लावून घेतो, पाहा! सरकार त्या बिचाऱ्यांच्या हातचे नव्हते. हातचे होते ते पाणी. त्या पाण्याने ते जगाचा विटाळ धूत बसले. अशा घरातली ही मुलगी वयाच्या अकराव्या वर्षी टिळकांच्या गळ्यात माळ घालून बाहेर पडली.

टिळक कवी, विद्वान, आणि एका जागी न टिकणारे. १८९३ साली ते राजनांदगावकडे आगगाडीने निघाले असताना एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. त्या गृहस्थाने या अनोळखी ब्राह्मणाशी बरोबरीच्या नात्याने गप्पा मारल्या, उतरताना नव्या कराराची प्रत हातात ठेवली, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. भाकीत खरे ठरले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

इथे मला टिळकांवर रागवावेसे वाटते. रस्त्यावरच्या कुणाही परक्याचे भले पाहणाऱ्या या माणसाने घरच्या बायकोला विश्वासात घेतले नाही. तिला कळले ते सारे होऊन गेल्यावर. सव्वीस वर्षांची ती बाई पदरी लहानगा दत्तू घेऊन नातलगांच्या आश्रयाला पंढरपूरला राहिली. नवरा जिवंत, आणि लोक कीव करायचे ती विधवेची करतात तशी. पुस्तकात हा भाग त्यांनी हसतहसत लिहिला आहे. मला मात्र तो वाचताना हसू येत नाही.

पुढे त्या नगरला, आजच्या अहिल्यानगरला, नवऱ्याकडे परत आल्या. पण आल्या त्या आपल्या सोवळ्यासकट. त्यांचे पाणी वेगळे, चूल वेगळी, भांडी वेगळी. ख्रिस्ती नवऱ्याच्या संसारात हिंदू बायको आपला विटाळ सांभाळून राहते आहे, आणि नवरा ती व्यवस्था चालू देतो आहे! मिशनऱ्यांत आणि नव्याने ख्रिस्ती झालेल्यांत टिळकांचे वजन होते; 'आता सोड हे खूळ' असे म्हणून चूल मोडायला एक दिवस पुरला असता. त्यांनी ती मोडली नाही. पाहुणचार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ताट येते, पाट येतो. पण आलेल्या माणसाला जे पटत नाही त्यालाही घरात जागा करून द्यायची, हा पाहुणचार फार कठीण. त्या अर्थाने टिळकांच्या ख्रिस्ती घरातला पहिला पाहुणा म्हणजे लक्ष्मीबाईच, असे मी समजते. बाप्तिस्म्याच्या वेळी चुकलेला हिशेब टिळक त्या दुसऱ्या चुलीपाशी फेडीत होते की काय, कोण जाणे.

ती चूल अखेर विझली ती लक्ष्मीबाईंच्याच हाताने. जाती कुणी केल्या, देवाने की माणसाने, याचा त्यांनी स्वतःशी सरळ साध्या व्यवहारी बुद्धीने निवाडा केला आणि एके दिवशी भेद टाकून दिला. त्यानंतर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मध्ये पाच वर्षे गेली होती.

ते दिवस छपन्नच्या दुष्काळाचे. नगर जिल्ह्यात पोरकी मुले रस्त्यावर आली, अमेरिकन मराठी मिशनने ती गोळा केली, आणि टिळकांच्या घरातही त्यातली काही वाढली. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अखेरच्या न्यायाचे वर्णन आहे. तिथे विचारणा होते ती उपाशी माणसाला अन्न दिले का, परक्याला घरात घेतले का, याची. टिळक ते वाचून मुले घरी आणीत. त्यांच्या भाकरी थापायच्या लक्ष्मीबाईंनी. धर्मग्रंथाच्या ओळीमागे कुणीतरी पीठ मळत असते, हे आम्हा बायकांना सांगावे लागत नाही.

आणि अशा घरात ठोंबरे आला. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले, कर्नल कीर्तिकर अध्यक्ष होते. तिथे या सतरा वर्षांच्या पोराची कविता ऐकून त्याला 'बालकवी' ही पदवी मिळाली. टिळकांनी त्याच्यावर जीव लावला, आणि पुढे नगरच्या घरात लक्ष्मीबाईंनी तो पोटच्या पोरासारखा सांभाळला. पोर मोठे लहरी, हट्टी. आता खदखदून हसेल, आता रुसून बसेल. त्याचे रुसवे काढताना त्या माउलीची जी तारांबळ उडे ती त्यांच्याच शब्दांत वाचावी. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की उपदेशकाच्या घरात राहून ठोंबरे हिंदूच राहिला आणि त्यामुळे त्याच्यावरची माया उणी झाली नाही. टिळकांना त्याच्यात कवी दिसला, लक्ष्मीबाईंना लेकरू दिसले. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली त्याचा अंत झाला. वय सत्तावीस.

दुसऱ्याचे चांगले पाहण्याची ही दृष्टी टिळकांकडे काही एका दिवसात आली नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. पलीकडे गेल्यावर पूल जाळायचा असतो, हे त्यांना मान्य नव्हते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही तिथे मज्जाव नव्हता. दोन वर्षांत, ९ मे १९१९ला, ते गेले. त्याच मिशनचे जस्टिन अ‍ॅबट मायदेशी परतल्यावर उतारवयात महिपती, एकनाथ, तुकाराम इंग्रजीत आणीत बसले. १९२६पासून ती पुस्तके निघू लागली. शिकवायला आलेला माणूस असा शिकून गेला.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला दोन चुलींची गोष्ट सांगितली. सांगताना मला आमच्या पडवीतला कोनाडा आठवत होता. मी जन्मले तेव्हा गावात सुईणपण करायला येणारी परिचारिका ख्रिस्ती होती. तिच्या हाताला यश आहे म्हणून आजी सगळ्या गावाला सांगे. पुढेही ती आली की आजी दाट दुधाचा चहा करी, साखर चमचाभर जास्तच घाली, दिवाळीला फराळाचे ताट भरून देई. आणि चहा देई तो कोनाड्यातल्या वेगळ्या कपातून. सिस्टरबाई चहा पीत, कप स्वतः विसळीत, जागच्या जागी पालथा घालीत आणि माझ्या गालाला हात लावून निघून जात. मी त्यांना कधी रागावलेले पाहिले नाही. आजीलाही त्यात काही वावगे वाटलेले पाहिले नाही.

जुने घर उतरवले तेव्हा तो कप मी घेऊन आले. त्याचा कान तुटला आहे, म्हणून पाहुण्यांना देता येत नाही. सकाळचा चहा मीच त्यातून घेते.