शेणाचा लेप आणि झाडाची जखम

बागेतल्या झाडाची साल सोलवटली, की तिथे शेणमाती लिंपण्यासाठी आपले हात आपोआप पुढे होतात. या लेपाने जखम खरेच भरते का? दोनशे वर्षांपूर्वी या प्रश्नात ब्रिटिश पार्लमेंटही गुंतले होते.

राजा तिसरा जॉर्ज याचा माळी विल्यम फोर्सिथ (१७३७-१८०४) केन्झिंग्टनच्या बागेतल्या जुन्या फळझाडांना एक लेप लावत असे. त्यात ताजे शेण, जुन्या इमारतींचा चुना, लाकडाची राख आणि थोडी वाळू असे. पोखरलेली झाडेही यामुळे पुन्हा भक्कम होतात, असा त्याचा दावा होता. नौदलाला जहाजांसाठी ओकचे निर्दोष लाकूड हवे होते. त्यामुळे पार्लमेंटने लक्ष घातले. कृती जाहीर करण्याच्या बदल्यात फोर्सिथला १५०० पौंड मिळाले आणि १७९१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पुढे टॉमस अँड्र्यू नाइट या संशोधकाने १८०२ मध्ये एक पुस्तिका काढून या लेपाच्या गुणाविषयी जाहीर शंका घेतल्या.

भरून आलेली जखम डोळ्यांना दिसते, पण ती लेपामुळे भरली हे कशावरून? तशीच जखम लेपाशिवायही भरली असती, तर? याचे उत्तर सालीखाली आहे. सालीच्या आतल्या थरातून पानांनी तयार केलेले अन्न खाली उतरते. खोडाभोवतीची साल कड्यासारखी काढली, तर कड्याच्या वरचा भाग फुगतो, हे माल्पिघी या इटालियन शास्त्रज्ञाने सतराव्या शतकातच दाखवले होते. साल आणि लाकूड यांच्यामध्ये कँबियमचा पातळ थर असतो. जखमेच्या कडेचा कँबियम जिवंत असेल, तर तिथून नवी वाढ आत सरकते आणि जखम झाकते.

अमेरिकेतील अॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून पाहिली. झाड खराब झालेला भाग दुरुस्त करत नाही, तर त्याभोवती भिंती उभारून तो कोंडून टाकतो, हे त्यांनी १९७७ मध्ये मांडले. १९८३ मध्ये त्यांनी आणि शॉर्टल यांनी लेपांवरील १३ वर्षांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. लेपांनी कूज थांबत नव्हती.

मग विदर्भात संत्र्याच्या खोडाला बोर्डो पेस्ट का लावतात? ती डिंक्या रोगाच्या फायटोफ्थोराला अटकाव करण्यासाठी. तिथे शत्रू ठाऊक आहे आणि औषध त्याच्यासाठी आहे. साध्या जखमेला मात्र लोंबती साल धारदार, स्वच्छ चाकूने निरोगी कडेपर्यंत कापून ती उघडी ठेवणे पुरते.

आमची शिक्षकांना एक सूचना आहे. शाळेच्या बागेत छाटणी होईल, तेव्हा सारख्या जाडीचे काही काप निवडा. निम्म्यांना शेण लावा, निम्मे तसेच ठेवा आणि दर महिन्याला दोऱ्याने उघड्या जखमेची रुंदी मोजा. पार्लमेंटला जी तुलना करून पाहता आली असती, ती आपल्या मुलांना एका वर्षात करता येईल.