चाकूची मूठ : घडीच्या चाकूसाठी टिकाऊ साहित्याची निवड

चाकूची मूठ : घडीच्या चाकूचे पाते मिटल्यावर ज्यात बसते आणि वापरताना जो भाग हातात राहतो तो. बहुतेक घडीच्या चाकूंत आतल्या दोन धातूच्या पत्र्यांवर बाहेरून दोन पट्ट्या बसवून त्या रिपिटांनी किंवा स्क्रूंनी आवळलेल्या असतात. पट्ट्यांसाठी साहित्य निवडताना सहसा कठीणपणा पाहिला जातो, पण ही कसोटी अपुरी आहे. रोजच्या वापरात झिजून संपलेली मूठ क्वचितच आढळते. मूठ निकामी होते ती रिपिटाच्या भोकापाशी तडकून, पट्टी सैल पडून, पट्टी फुगून पाते अडकल्याने किंवा रिपीटच तुटल्याने. बिघाड दोन पदार्थांच्या सांध्यात होतो, म्हणून टिकाऊपणाही तिथेच मोजायला हवा : ऊन, पाणी आणि घाम यांनी जे साहित्य सर्वांत कमी हलते, म्हणजे फुगते-आक्रसते, आणि बिघडल्यास गावाच्या आसपास दुरुस्त होते, तेच खिशातल्या चाकूला योग्य.

तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याचे नार्नूर मंडल या कसोटीसाठी चांगले उदाहरण आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या हद्दीजवळच्या या डोंगराळ भागात गोंड, कोलाम, बंजारा आणि मराठी भाषक शेतकरी राहतात. कापूस, तूर, सोयाबीन आणि ज्वारी ही तिथली पिके. शेतकऱ्याच्या खिशातला चाकू सुतळी कापतो, खताच्या पोत्याची शिवण उसवतो, फांदी छाटतो, आणि दुपारी त्यानेच कांदाही चिरला जातो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो व हवा कोरडीठाक होते. जुलै-ऑगस्टमध्ये ती ओलसर असते. हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असताना लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे १८ टक्के पाणी धरून ठेवते. आर्द्रता २० टक्क्यांवर आली की हे प्रमाण चार-पाच टक्क्यांवर उतरते. साग हे कमी हलणारे लाकूड मानले जाते, तरी ओल्या अवस्थेपासून पूर्ण सुकेपर्यंत ते वाढवलयांच्या दिशेने सुमारे ५ टक्के आक्रसते. या हिशेबाने २० मिलिमीटर रुंदीची सागाची पट्टी दोन ऋतूंच्या टोकांना अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास कमी-जास्त होऊ शकते. रिपीट आणि पत्रा मात्र जागचे हलत नाहीत. सगळा ताण भोकाच्या कडेवर येतो आणि चीर तिथूनच सुरू होते.

लाकडाच्या बाबतीत कठीणपणाची कसोटी किती फसवी आहे हे या भागातल्याच झाडांवरून दिसते. धावडा अतिशय चिवट. कुऱ्हाडीच्या दांड्याला त्याच्या तोडीचे लाकूड थोडेच. पण सुकताना तो बराच आक्रसतो आणि तडकतो, त्यामुळे पातळ पट्टीला तो बरा नाही. उलट साग धक्क्याने फुटतो म्हणून हातोड्याच्या दांड्याला वापरत नाहीत, तरी तो कमी हलतो आणि अंगच्या तेलामुळे पाणी सहज धरत नाही. धक्के न सोसणाऱ्या लहान पट्टीला त्याचा हा गुण उपयोगी पडतो. शिसव सागाहून जड व घट्ट असून तोही फारसा हलत नाही. बाभूळ औतकाठीला पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाते आणि बांधावर सहज मिळते. मात्र तिचा आतला गडद गाभाच घ्यावा, कारण बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला घुण्याची कीड लागते. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातच असलेल्या निर्मळची प्रसिद्ध खेळणी पोनिकी नावाच्या हलक्या, मऊ लाकडाची असतात. कोरायला ते उत्तम, पण रिपिटाचा दाब ते पेलत नाही. साग आणि शिसव यांच्या तोडीवर वनखात्याचे नियंत्रण आहे, शिवाय शिसवाची संपूर्ण प्रजाती २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमनाखाली आली आहे. चाकूला लागणारे लाकूड मात्र बोटभर असते. सुताराकडे फर्निचरच्या कामातून उरलेला तुकडा पुरतो, आणि तो बहुधा आधीच पुरता वाळलेला असतो.

शिंग आणि हाड यांना जुना मान आहे. सांबराच्या शिंगाच्या मुठी एकेकाळी परदेशी कारागिरांनाही हव्या असत. आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे चितळ-सांबराच्या शिंगांचा व्यापार बंद आहे, आणि कवल व्याघ्र प्रकल्पाच्या या प्रदेशात जंगलात गळून पडलेले शिंगही उचलून चाकूला लावू नये. म्हशीचे शिंग कायद्याने चालते व दिसतेही सुंदर. पण ते नखासारख्याच केराटिनाचे, थरांचे बनलेले असते; भिजणे आणि वाळणे वारंवार झाले की थर सुटतात, आणि पडून राहिल्यास किडे ते खातात. हाड सच्छिद्र असल्याने तेलकट मळ व कीटकनाशकाचा अंश शोषते. फवारणीच्या हंगामात ज्या चाकूने फळही कापायचे, त्याच्या मुठीचा हा दोष दुर्लक्षण्याजोगा नाही.

बिघाड सांध्यात होतो हे कृत्रिम पदार्थांचा इतिहासही सांगतो. शिंग आणि कासवाच्या पाठीची नक्कल म्हणून सेल्युलॉइड आले. ते भडकन पेट घेते, आणि जुने झाल्यावर त्यातून सुटणारी आम्ले शेजारच्या पोलादाला गंज चढवतात. म्हणजे पट्टी शाबूत दिसत असतानाच ती आतला पत्रा खाते. स्विस सैन्याला १८९१ मध्ये मिळालेल्या चाकूची मूठ काळ्या केलेल्या ओकची होती. पुढे तिच्या जागी फायबर आले आणि १९६१ मध्ये ॲल्युमिनियम. फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतातला, १८९० पासून बनणारा ओपिनेल चाकू लाकडी मुठीवर टिकून आहे, पण भिजल्यावर लाकूड फुगून पाते खाचेत आवळले जाते ही त्याची सर्वज्ञात अडचण. अलीकडच्या स्वस्त चाकूंतले काचतंतूमिश्रित नायलॉन साध्या प्लॅस्टिकपेक्षा पुष्कळ चिवट आहे व घामाला दाद देत नाही. परंतु साच्यात ओतलेली मूठ एकदा फुटली की तिला जोड देता येत नाही.

सांध्याला फारच कमी त्रास देणारा आणि सहज घडवता येणारा पदार्थ म्हणजे फिनॉलिक राळेत भिजवलेल्या कापडाचे थर उष्णता व दाबाखाली एकजीव करून केलेला पत्रा. लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये बेकेलाइट ही फिनॉलिक राळ शोधली. काही वर्षांतच राळ व कागद-कापड यांचे असे थर विजेच्या यंत्रांत निरोधक म्हणून वापरात आले. आपल्याकडे हैदराबादेत बनलेल्या पत्र्यांमुळे ‘हायलम’ हेच नाव सर्वांच्या तोंडी बसले आहे. स्विचबोर्डावर कागदी पत्रा चालतो; मुठीला कापडाचा घ्यावा, कारण सुती विणीमुळे भोक पाडताना त्याची कड ढलपत नाही आणि पट्टी आपटली तरी दुभंगत नाही. लाकडाच्या मानाने तो फारच कमी पाणी घेतो, उन्हात मऊ पडत नाही, आणि करवत-कानसीने साध्या लाकडासारखा घडवता येतो. काचकापड आणि इपॉक्सी यांचा पत्रा याहूनही कमी हलतो, पण तो हत्याराची धार लवकर घालवतो. दोन्ही घासताना धूळ नाकात जाऊ नये म्हणून पाणी लावून घासावे व तोंडावर फडके बांधावे.

याविरुद्ध तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की विळा, खुरपे, कुऱ्हाड यांच्या लाकडी मुठी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. ते खरे आहे, पण त्या अवजारांत चालत राहिले ते लोखंड. दांडा सैल झाला की पाचर मारतात, मोडला की नवा ठोकतात. तिथे मूठ बदलण्याजोगीच धरलेली असते. घडीच्या चाकूत इतकी मोकळीक नाही, म्हणून त्याच्या लाकडावर अधिक कडक अटी येतात. दुसरा आक्षेप, धातूची मूठ सर्वांत टिकाऊ. सांध्याच्या कसोटीवर हा आक्षेप बिनतोड आहे : धातू ओलीने फुगत नाही. अडचण हाताची आहे. ॲल्युमिनियम लाकडाच्या हजारपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. मेच्या उन्हात बांधावर राहिलेला चाकू उचलताच चटका देतो, आणि घामेजल्या तळव्यातून गुळगुळीत धातू निसटतो. दिवसभर सावलीत काम करणाऱ्याने धातूची खडबडीत मूठ निर्धास्त घ्यावी. शेतात काम करणाऱ्याने घेऊ नये. तिसरा आक्षेप किमतीचा. कापडी पत्र्याचा तयार चाकू महाग पडतो हे मान्य. पण चांगल्या पात्याच्या साध्या चाकूला पत्र्याचा तुकडा बसवून घेता येतो, आणि ते काम गावातला सुतार किंवा घिसाडी करू शकतो.

पट्टीइतकाच रिपिटाचा विचार आवश्यक आहे. ब्रिटिश काळात भारतात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या पितळी काडतुसांना आपोआप चिरा पडत; जनावरांच्या मुतातून सुटणारा अमोनिया व पितळात राहिलेला ताण यांचा तो परिणाम असल्याचे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. ठोकून पसरवलेल्या पितळी रिपिटात असा ताण असतोच, आणि गोठा व युरियाचे पोते शेतकऱ्याच्या चाकूपासून दूर नसते. तेव्हा रिपीट स्टेनलेस पोलादाचे घ्यावे. लाकडी पट्टी असल्यास तिचे भोक रिपिटापेक्षा किंचित मोकळे ठेवावे, म्हणजे लाकडाला हलायला जागा मिळते. आणि वर्षातून एकदा, पावसापूर्वी, उकळलेले जवसाचे तेल चोळावे. ते हवेत सुकून घट्ट थर धरते. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल तसे सुकत नाही, त्यावर धूळ बसते.

निवडीचा क्रम यावरून ठरतो. उघड्यावर राबणाऱ्या हातासाठी स्टेनलेस रिपिटांनी बसवलेला कापडी फिनॉलिक पत्रा पहिला. तो न मिळाल्यास शिसव किंवा सागाचा, अथवा बाभळीचा पुरता वाळलेला गाभा. त्यानंतर काचतंतूमिश्रित नायलॉन. म्हशीचे शिंग कोरड्या जागी, जपून वापरायच्या चाकूलाच शोभते. विकत घेताना मुठीची चकाकी पाहण्याआधी पट्टी व आतला धातूचा पत्रा यांच्यामधल्या फटीवरून नख फिरवावे, रिपिटाभोवती केसासारखी चीर आहे का ते उजेडात पाहावे आणि पाते चार-पाच वेळा उघडून मिटावे. या तीन तपासण्यांत जो चाकू टिकतो, त्याचीच किंमत विचारावी.