ओहोटीच्या वाळूवरील हक्क

इंग्लंडच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी कानांवर हेडफोन चढवून आणि हातातील लांब दांड्याच्या टोकाची चकती ओल्या वाळूवरून संथपणे फिरवीत चालणारी माणसे आता कोणाच्या कुतूहलाचा विषय राहिलेली नाहीत; परंतु या निरुपद्रवी छंदिष्टाला पहिले नाणे उकरण्यापूर्वी जी चौकशी करावी लागते, ती जमिनीच्या दाव्यातील एखाद्या मुरब्बी वकिलालाही दमवील अशी असते. पायांखालची वाळू राजसत्तेच्या मिळकतीपैकी आहे, की कॉर्नवॉलच्या किंवा लँकेस्टरच्या डचीकडे, म्हणजे राजघराण्याच्या जहागिरीकडे, वंशपरंपरेने आलेली आहे, की नॅशनल ट्रस्टच्या ताब्यातील आहे; नगरपालिकेने ती पट्ट्याने घेतली असल्यास तिच्या उपनियमांत धातुशोधक यंत्रास मज्जाव आहे काय; आणि जवळपास एखादे संरक्षित स्मारक वाळूखाली दडलेले तर नाही ना, हे सारे त्याने आधी पाहावे अशी अपेक्षा असते. राजसत्तेच्या मिळकतीत, म्हणजे तेथील सुमारे निम्म्या किनारपट्टीवर, आता स्वतंत्र परवाना लागत नाही. पण पुढच्याच खाडीपलीकडे गेल्यावर तीच सवलत मिळेल असा भरवसा नसतो. नवखा माणूस या प्रकाराला सरकारी खाक्याचा अतिरेक समजून चिडतो. वस्तुतः यांतील बहुतेक नियमांची मुळे यंत्राच्या जन्मापूर्वी कित्येक शतके रुजलेली असून, किनाऱ्यावर ज्यांनी ज्यांनी पूर्वी हक्क सांगितला त्या प्रत्येकाचा अंमल थोडाथोडा शिल्लक राहिल्यामुळेच आजचा हा गुंता झाला आहे.

यांपैकी सर्वांत जुना दावेदार म्हणजे राजा. वादळात फुटून किनाऱ्याला लागलेले तारू आणि त्यावरील माल राजाचा, हा मध्ययुगीन युरोपातील सर्वमान्य दस्तुर. आणि ज्या सरदारावर राजाची मर्जी बसे त्याला तो हक्क आपल्या किनाऱ्यापुरता इनाम मिळे. या दस्तुरातील क्रौर्य कमी करण्यासाठी पहिल्या एडवर्डच्या अमदानीत, १२७५ साली, वेस्टमिन्स्टर येथे जो कायदा झाला त्याने असे ठरविले की, फुटलेल्या जहाजावरून एखादा माणूस, कुत्रा किंवा मांजर जिवंत सुटले तर ते जहाज बेवारशी मानू नये, माल जपून ठेवावा आणि वर्ष व एक दिवस एवढ्या मुदतीत मालकाने पुरावा दिल्यास त्याचा त्याला परत करावा. एका मांजराच्या प्राणांवर गलबतभर मालाची मालकी अवलंबून राहावी यात आपल्याला विनोद वाटतो. परंतु बुडत्या खलाशाला तेथे केवळ लाटाच शत्रू नव्हत्या आणि तो जिवंत किनाऱ्याला लागू नये यातच किनाऱ्यावरच्यांचा नफा होता, हे ध्यानी घेतले म्हणजे विनोद ओसरतो. मांजराची ही अट अक्षरशः घ्यावयाची नसून मालाची ओळख पटविण्याचे ते एक साधन आहे, असा निर्वाळा लॉर्ड मॅन्सफील्ड या न्यायमूर्तींनी दिला, तेव्हा १७७१ साल उजाडले होते.

हाच प्रश्न आपल्या कोकणातही उपस्थित झाला होता, आणि तोही मोठ्या ऐतिहासिक मुहूर्तावर. १६७४ च्या उन्हाळ्यात, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास, हेन्री ऑक्झिंडेन हा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील रायगडावर तहाची कलमे घेऊन आला, महाराजांच्या दरबारातील निराजीपंतांच्या मध्यस्थीने त्यांवर वाटाघाटी झाल्या आणि बहुतेक कलमांना महाराजांनी मान्यता दिली; पण इंग्रजांची जी जहाजे वादळाने कोकणच्या किनाऱ्याला लागून फुटतील त्यांवरील माल परत मिळावा, ही मागणी त्यांनी साफ नाकारली. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेला माल परत करणे कोकणच्या वहिवाटीविरुद्ध आहे, आणि ही सवलत एकदा इंग्रजांना दिली म्हणजे उद्या फ्रेंच, डच आणि इतर टोपीकरही तीच मागतील, असे त्यांचे म्हणणे होते, हे जॉन फ्रायर या समकालीन इंग्रज डॉक्टराने नोंदवून ठेवले आहे. येथे महाराजांच्या उत्तराचा दुसरा भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. पहिल्या भागात परंपरा आहे, दुसऱ्यात राजकारण आहे. कारण किनारा कोणाचा हे ठरविण्याचा अधिकार एकदा परक्याच्या सोयीने वाकला की तो पुन्हा सरळ होत नाही, हे त्यांना पुरते उमगले होते. मागणी करणाऱ्या इंग्रजांच्या राजाचाही असाच हक्क होता; फरक एवढाच की, तो राजा मांजराची साक्ष काढीत होता आणि कोकणचा राजा काढीत नव्हता.

फुटक्या जहाजाखेरीज किनाऱ्यावर मिळणाऱ्या धनाचा आणखी एक प्रकार होता, तो म्हणजे जाणूनबुजून पुरलेले द्रव्य. पुरणाराचा ते परत काढण्याचा उद्देश होता असे ठरले तर सोने-रुपे राजाचे, नाहीतर जमिनीच्या मालकाचे, असा इंग्लंडचा जुना नियम होता आणि शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या मनातला हेतू ठरविण्याचे काम कॉरोनरच्या पंचांवर येई. अपमृत्यूंची चौकशी करणारा हा अधिकारी मुंबईकरांनाही परिचित होता. १९३९ साली सटन हू येथे दफनाच्या टेकाडाखाली राजवैभवी जहाज निघाले, तेव्हा मृतासोबत ठेवलेले द्रव्य कोणी परत काढण्यासाठी ठेवीत नाही असा निर्णय होऊन ते श्रीमती एडिथ प्रेटी या जमीनमालकिणीचे ठरले, आणि त्यांनी ते सारे ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. स्कॉटलंडात मात्र हेतूची चर्चाच नाही. बेवारशी ते सारे राजसत्तेचे. १९५८ साली शेटलंडच्या सेंट निनियन बेटावर एका शाळकरी मुलाला चांदीच्या अठ्ठावीस वस्तूंचा ठेवा सापडला, तेव्हा या द्वीपांवर नॉर्स लोकांचा उडल कायदा चालतो आणि त्यानुसार सापडविणारा, जमीनमालक व राजा यांना प्रत्येकी एक तृतीयांश मिळावे, असा युक्तिवाद झाला. १९६३ साली न्यायालयाने तो फेटाळला आणि ठेवा एडिंबरोच्या संग्रहालयात गेला. कॉर्नवॉलमध्ये तर राणी आणि तिच्याच थोरल्या मुलाची डची यांच्यात वाळूखालच्या खाणींवरून तंटा माजला होता आणि तो मिटविण्यासाठी १८५८ साली भरती-ओहोटीच्या रेषांमधील खनिजे डचीची व ओहोटीच्या रेषेखालील समुद्रतळाची राजसत्तेची असा स्वतंत्र कायदा करावा लागला.

या जुन्या व्यवस्थेत यंत्र आले ते महायुद्धातून. युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने स्कॉटलंडमध्ये १९४१ साली तयार केलेले सुरुंगशोधक यंत्र अल् अलामीनच्या वाळवंटात उपयोगी पडले, आणि युद्धानंतर तेच तत्त्व हौशी माणसाच्या हाती पोचले. पुरातत्त्वज्ञ धास्तावले; १९७९ च्या कायद्याने संरक्षित स्थळी परवानगीवाचून ते यंत्र वापरणे गुन्हा ठरले; १९९६ च्या कायद्याने तो मृताच्या हेतूचा शोध एकदाचा बंद केला. पण किनाऱ्यावरचा पेच शिल्लक राहिला. वाळूत मिळालेली पुरातन चांदीची नाणी कोणीतरी तेथे पुरलेली असतील तर चौदा दिवसांत कॉरोनरला कळवावयाचे, आणि तीच फुटलेल्या जहाजातून वाहून आलेली असतील तर अठ्ठावीस दिवसांत रिसीव्हर ऑफ रेक या अधिकाऱ्याला. नाणी मात्र आपला पूर्वेतिहास सांगत नाहीत. २००७ च्या जानेवारीत ब्रॅन्सकोंबच्या किनाऱ्याजवळ एमएससी नेपोली हे जहाज रुतले आणि त्याच्या कंटेनरांतून आलेल्या बीएमडब्ल्यू मोटारसायकली लोक ढकलीत घरी नेऊ लागले, तेव्हा कित्येकांना या अठ्ठावीस दिवसांच्या नियमाचा प्रथमच परिचय झाला.

गंमत अशी की, पुरलेल्या धनाबाबतचा जो स्पष्ट कायदा इंग्रजांना आपल्या घरी करण्यास १९९६ साल उजाडावे लागले, तो त्यांनी हिंदुस्थानात १८७८ सालीच करून ठेवला होता. त्यांच्याकडे सापडविणाऱ्याला बक्षीस देणे ही कृपा होती; येथे वारस न निघाल्यास तीन चतुर्थांश त्याचे आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाचे, असा हिस्सा कायद्यातच लिहिला गेला, आणि धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा वाढवून देऊन तो ठेवा सरकारसाठी घेण्याची मुभा कलेक्टरला मिळाली. परकी राजवट म्हणून तिच्या सर्वच कायद्यांना नावे ठेवण्याची आपल्याला सवय आहे. हा कायदा त्या सवयीस पात्र नाही. महाराष्ट्रात भरतीच्या रेषेखालील किनारा १९६६ च्या जमीन महसूल संहितेने सरकारचा आहे, तेव्हा अलिबागच्या किंवा गुहागरच्या वाळूवर असे यंत्र घेऊन उतरू इच्छिणाऱ्याने प्रथम कलेक्टर कचेरीची वाट धरावी हे बरे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन हाती लागले तर त्याची लेखी वर्दी कलेक्टरला द्यावी लागते, न दिल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि दहा रुपयांची ती मर्यादा १८७८ साली होती तीच आजही आहे.