जुनेराची थोरवी

मराठी भाषेंत 'जुनेर' हा एक विलक्षण समंजस शब्द आहे. वस्त्र विटलें, विरलें, याची त्यांत कबुली आहे. परंतु तें टाकून द्यावें असा निवाडा मात्र त्यांत नाहीं. ठाणें, कल्याण, डोंबिवली या गांवांतील जुन्या घरांतून नऊवारी लुगडें विरूं लागलें म्हणजे त्याच्या आयुष्याचा दुसरा अध्याय सुरू होई. काठ-पदर निराळे काढून ठेवीत. मधल्या धड भागांतून मुलीचा परकर, तान्ह्याचें झबलें आणि कुंची बेतली जाई. नव्या कापडाची खळ बाळाच्या कातडीस सोसत नाहीं, म्हणून त्याच्या पहिल्या दुपट्याला जुनेरच लागे. राहिलेल्या तुकड्यांची गोधडी होई, आणि गोधडी फाटली कीं तिच्या चिंधीचें पोतेरें होऊन तें शेणानें सारवलेल्या जमिनीवरून फिरे. त्यांतूनही वांचलेलें कापड बोहारणीच्या पाटींत जाऊन त्याच्या बदल्यांत एखादें भांडें घरांत येई.

ही घरगुती काटकसर फार प्राचीन आहे. ठाण्याच्या पश्चिमेस साष्टींत कान्हेरीचीं लेणीं आहेत. तेथील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचीं नांवें वारंवार येतात. त्यांत व्यापारी आहेत, तसा सोनारही आहे. ख्रिस्तोत्तर पहिल्या शतकांतील ग्रीक सागरवृत्तांत कल्याण बंदराचा उल्लेख सांपडतो. तेथील व्यापाराचा पैसा या डोंगरांत लेण्यांच्या आणि पाण्याच्या टांक्यांच्या रूपानें उतरला. भिक्षूंच्या चीवरांसाठीं, म्हणजे वस्त्रांसाठीं, कायमच्या ठेवीही ठेवल्या गेल्या. नाशिकच्या लेण्यांत उषवदातानें अशीच सोय केली होती. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे त्यानें ३००० कार्षापण ठेवले, आणि त्यांपैकीं २००० च्या व्याजांतून २० भिक्षूंस प्रत्येकीं १२ कार्षापण चीवरासाठीं मिळावे असें शिलेवर कोरविलें.

या चीवराची घडण मोठी बोधप्रद आहे. विनयपिटकांतील वृत्तान्ताप्रमाणें आरंभीं भिक्षु केवळ 'पांसुकूल' वापरीत. पांसुकूल म्हणजे स्मशानांतून, उकिरड्यावरून, वाटेवरून वेंचलेल्या चिंध्या. त्या धुवून, जोडून, मुळ्या, साली, पानें, फुलें, फळें यांच्या रंगांत बुडवून अंगावर घेत. पुढें जीवक नांवाच्या वैद्यास उज्जयिनीच्या प्रद्योत राजाकडून एक बहुमोल वस्त्रजोडी मिळाली. ती त्यानें बुद्धास अर्पण केली आणि गृहस्थांनीं दिलेलें वस्त्रही भिक्षूंनीं घ्यावें अशी विनंती केली. ती मान्य झाली.

पण नवें कापड आलें तरी चिंधीचा धर्म सुटला नाहीं. मगधांतील भातशेतांकडे बोट दाखवून बुद्धानें आनंदास विचारलें कीं, असें चीवर बेततां येईल काय? आनंदानें तें बेतलें. लांब-आंखूड पट्ट्या म्हणजे शेतांचे तुकडे, आणि त्यांमधील शिवणी म्हणजे बांध. अशा रीतीनें अखंड वस्त्रही आधीं कापावयाचें आणि मगच जोडावयाचें असा नियम झाला. कापलेल्या वस्त्राचा चोरास लोभ नसतो आणि नेसणाऱ्यास अभिमान नसतो, हें त्यांतील मर्म.

याच आनंदाविषयीं दुसरी एक कथा आहे. कौशांबीच्या उदयन राजाच्या राण्यांनीं त्याला ५०० वस्त्रें दिलीं. राजास शंका आली कीं, हा भिक्षु एवढ्या वस्त्रांचा व्यापार मांडणार कीं काय? त्यानें विचारलें. आनंद म्हणाला, ज्यांचीं चीवरें जीर्ण झालीं त्यांना हीं देऊं. मग जुन्या चीवरांचें काय? त्यांचीं आच्छादनें. जुन्या आच्छादनांचें? गाद्यांच्या खोळी. खोळींचीं बैठकीचीं आंथरुणें, त्यांचीं पायपुसणीं, त्यांचीं फडकीं. आणि फडकीं कुटून चिखलांत कालवून त्यांनीं जमीन लिंपूं. राजाचें समाधान झालें. लुगड्यापासून पोतेऱ्यापर्यंतची आजीबाईंची परंपरा आणि आनंदाचें हें उत्तर यांत अंतर तें किती?

मात्र एक भेद विसरतां कामा नये. दुसऱ्या महायुद्धांत कापड महागलें, दडविलें गेलें. जून १९४३ मध्यें सरकारला कापड व सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. त्याच वर्षीं बंगालच्या दुष्काळांत अन्नाबरोबर वस्त्राचीही वाण पडली. विलायतेंत १९४१ पासून कपड्यांना कुपनें लागत, आणि तेथील स्त्रिया हवाई छत्र्यांच्या रेशमाचेही पोषाख शिवीत. १९४७ नंतर सिंधमधील निर्वासित कल्याणच्या लष्करी बराकींत आले. १९४९ सालीं त्याच छावणीचें उल्हासनगर झालें. त्यांच्या सिंधमध्यें जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची 'रल्ली' शिवीत. ती आपल्या गोधडीची सख्खी बहीणच. पण ज्याच्या पेटींत नवें वस्त्र आहे त्यानें जुनेर शिवणें निराळें, आणि ज्याला दुसरें वस्त्रच नाहीं त्यानें तें अंगाभोंवतीं लपेटणें निराळें. पहिल्याच्या हातीं निवड असते, दुसऱ्याच्या नसते.

कान्हेरीच्या दात्यांना हा भेद कळला होता. भिक्षूंनीं चिंध्या जोडाव्या हें त्यांचें व्रत. परंतु त्यांना वस्त्र मिळेल याची ठेव करणें हें कल्याणच्या नागरिकांनीं आपलें कर्तव्य मानलें. आज उंची कापडांचे तुकडे जोडून नवे पोषाख बेतणाऱ्यांनीं शिवणीचें कौशल्य आनंदाकडून घ्यावें, आणि दुसऱ्याच्या अंगावर धड वस्त्र आहे कीं नाहीं हें पाहण्याची दृष्टि त्या दात्यांकडून. तीं दोन्ही एकत्र आलीं तरच जुनेराला शोभा येते.