सुहैलचं पाणी

ऑगस्टच्या अखेरीस बहरीनच्या राजधानीत, मनामातल्या गुदैबिया भागात पहाटेही अंगाला घाम चिकटतो. त्याच सुमारास, 24 तारखेच्या आसपास, आग्नेय क्षितिजाशी एक तारा सूर्योदयाआधी पुन्हा दिसू लागतो. आखातातले अरब त्याला सुहैल म्हणतात. तो उगवला की उन्हाचा कडाका उतरणार, ही इथली जुनी खूण. वर्षातले दहा-दहा दिवसांचे ‘दुरूर’ याच उदयापासून मोजले जात.

मराठी माणसाला हा तारा परका नाही. हा आपला अगस्त्य. त्याच्या उदयाने पावसाळ्याचं गढूळ पाणी निर्मळ होतं, असं आयुर्वेद मानतो. त्या पाण्याला हंसोदक असं सुंदर नाव आहे.

बहरीनचा मोत्यांचा हंगाम उन्हाळ्यातला. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून पाणबुडे समुद्रात उतरत. सुहैल दिसला, की परतीचे दिवस जवळ आले. तिथून मोती मुंबईच्या बाजारात जात आणि आकार, रंग नि ‘पाणी’ पाहून त्यांची प्रतवारी होई. पुढे जपानी कल्चर मोती आले, 1932 साली बहरीनमध्ये तेल सापडलं आणि हा धंदा बसला.

ताऱ्यांची प्रतवारीही आधी अशीच, नुसत्या नजरेने झाली. प्राचीन खगोलज्ञ टॉलेमीने ठळक ते अंधुक अशा सहा प्रती लावल्या. खगोलज्ञ अल-सूफीने 964 च्या सुमारास इराणात प्रत्येक तारा पुन्हा पाहून त्या तपासल्या. ते काम थक्क करणारं आहे. पण नजरेला अंतर कळत नाही. व्याध हा तारा अगस्त्यापेक्षा ठळक दिसतो, कारण तो अवघ्या 8.6 प्रकाशवर्षांवर आहे. अगस्त्य सुमारे 310 प्रकाशवर्षांवर. व्याधाचं तेज सूर्याच्या सुमारे 25 पट, तर अगस्त्याचं जवळपास 10,000 पट!

तापमानाचा हिशेब मात्र उलटा. व्याधाचा पृष्ठभाग 9,900 केल्विनच्या घरात, अगस्त्याचा 7,400 च्या आसपास, सूर्याचा 5,800. अगस्त्य व्याधाहून थंड असूनही तेजस्वी आहे तो त्याच्या अवाढव्य आकारामुळे. वर्णपटातल्या रेषांवरून ताऱ्याचं तापमान ताडण्याची वाट 1920 साली भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या समीकरणाने मोकळी केली.

फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास गुदैबियाच्या गच्चीवरून दक्षिणेकडे पाहावं. अगस्त्य क्षितिजापासून जेमतेम 11 अंश वर असतो. धुळकट, जाड हवेतून लालसर होत थरथरतो. कोल्हापुरात तोच 20 अंशांवर चढतो आणि पांढरा दिसतो.